संकठा घाटावरील नाताळ

काशीस जावे ते आयुष्याच्या अखेरीस, असा आपल्याकडील जुना संकेत आहे. आमच्या आजोबांच्या काळी गावातील कोणी वृद्ध काशीयात्रेस निघाला की सारा गाव त्यास वेशीपर्यंत पोचवावयास जाई, आणि तो सुखरूप परतला म्हणजे घरी मावंदे होई. काशी आणि मरण यांची सांगड आपल्या मनात इतकी पक्की बसलेली आहे, की त्या नगरीत कोणी जन्माची चिंता घेऊन जात असेल, असे सहसा मनात येत नाही. आम्ही उभयता मात्र डिसेंबर महिन्यात काशीस गेलो, ते अशीच चिंता घेऊन. आमच्या लेकीस सातवा महिना लागला होता. पहिल्या खेपेस तिचे मूल जन्मल्यावर दोनच दिवसांत गेले होते. सौभाग्यवतीने तेव्हापासून काशीच्या संकठादेवीला नवस बोलून ठेवला होता, आणि या खेपेस दिवस भरण्यापूर्वीच देवीची ओटी भरून यावे, असा तिचा आग्रह होता.

प्रवासात एक लहानशी गोष्ट घडली. ती सांगितल्यावाचून पुढील हकीकत पुरी होणार नाही. मुंबईहून निघालेल्या गाडीत आम्हा दोघांना समोरासमोरच्या खालच्या जागा मिळाल्या होत्या. रात्री एका स्थानकावर एक तरुण मजूर आणि त्याची पत्नी डब्यात चढली. बाई अवघडलेली होती. बाळंतपणासाठी मिर्झापूरकडील आपल्या माहेरी चालली होती. त्यांचे आरक्षण पक्के झालेले नव्हते. त्या तरुणाने मोठ्या अजिजीने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले नाही. माझे गुडघे दुखतात, पैसे भरून जागा घेतलेली आहे, नियम तो नियम, असे सारे मनातल्या मनात म्हणून मी पांघरूण डोक्यावर ओढले आणि झोपेचे सोंग घेतले. पुढे खरोखरच झोप लागली. पहाटे जाग आली तेव्हा ती मुलगी समोरच्या बाकावर आडवी होऊन शांत झोपली होती, तिचा नवरा खाली वर्तमानपत्र पसरून पडला होता, आणि आमची सौ. तिच्या पायाशी, खिडकीला टेकून, उभी रात्र बसून होती. मी काही बोललो नाही. तीही काही बोलली नाही. मिर्झापूरला ती दोघे उतरली. उतरताना त्या मुलीने सौ.च्या पायांना हात लावला, आणि गाडी पुन्हा चालू लागली.

काशीत संकठा घाटावर आम्ही पोचलो तो दिवस २४ डिसेंबरचा. हिवाळ्यातील काशीची सकाळ धुक्यात उगवते. पैलतीर दिसत नाही. नदी आहे हे केवळ वल्ह्यांच्या आवाजावरून आणि दूरदेशाहून आलेल्या पांढऱ्या कुरव पक्ष्यांच्या कलकलाटावरून कळते. मणिकर्णिकेच्या उत्तरेस शिंदे घाट, आणि त्याच्या लगत संकठा घाट. त्याच्याही पुढे थोड्या अंतरावर नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे. मराठी माणसास हा नदीकाठ परका वाटत नाही. पायरीपायरीवर कोणा ना कोणा मराठी घराण्याचे नाव निघते. संकठा घाटाच्या दगडी पायऱ्या १८२५ साली बेनीराम पंडित यांच्या विधवा पत्नीने बांधविल्या. एका स्त्रीच्या दानातून उभा राहिलेला हा घाट आजही विशेषेकरून स्त्रियांचाच वाटतो. घाट चढून अरुंद गल्लीत शिरले की संकठादेवीचे देऊळ लागते. संकटाच्या वेळी जिला हाक मारावयाची, ती संकठा. नारळ, चुनरी आणि फुले घेतलेल्या बायकांची तेथे रीघ असते. त्यांच्यापैकी बहुतेकींची संकटे अगदी साधी असतात. कोणाच्या नवऱ्याचे काम सुटलेले असते, कोणाचे मूल तापाने फणफणलेले असते, कोणाच्या सुनेचे दिवस भरत आलेले असतात.

सौ.ने घरून आणलेला खण आणि नारळ देवीपुढे ठेवला, आणि ती बराच वेळ हात जोडून उभी राहिली. बाहेर आल्यावर मी सहज विचारले, "काय मागितलंस?" ती म्हणाली, "मुलगा-मुलगी काही म्हटलं नाही हो. दोघांची सुखरूप सुटका होऊ दे, एवढंच म्हटलं."

तेथून हाकेच्या अंतरावर, त्याच गल्ल्यांच्या गुंत्यात, आत्मवीरेश्वराचे मंदिर आहे. काशीखंडात त्याची कथा सांगितलेली आहे. विश्वानर नावाचा मुनी आणि त्याची पत्नी शुचिष्मती यांना मूल नव्हते. शंकरासारखाच पुत्र व्हावा, असे शुचिष्मतीच्या मनात होते. विश्वानराने काशीस येऊन वीरेश्वराची आराधना केली. तेव्हा लिंगाच्या ठायी त्यास आठ वर्षांचा एक बालक दिसला, आणि पुढे त्या दांपत्याच्या पोटी गृहपती जन्मास आला. ज्या देवाची भक्ती करावयाची, तोच लहान मूल होऊन घरात यावा, ही कल्पना आपल्या देशात किती जुनी आहे, याची ही एक साक्ष. आजही मूल व्हावे म्हणून लोक तेथे येतात. शेजारच्या मणिकर्णिकेवर चिता विझत नाहीत. त्यांचा धूर या मंदिराच्या शिखरावरून जातो, आणि खाली कोणी तरुण जोडपे बेल वाहत असते. काशीने मरणाला जितकी जागा दिली, तितकीच जन्मालाही दिली आहे. आपणच एकीकडे पाहतो आणि दुसरीकडे पाहावयाचे विसरतो.

याच वीरेश्वराशी अलीकडच्या काळातील एका थोर पुरुषाच्या जन्माची कथा जोडलेली आहे. कलकत्त्याच्या भुवनेश्वरीदेवी यांना पुत्राची ओढ होती. काशीस राहणाऱ्या आपल्या एका वृद्ध नातलग स्त्रीला त्यांनी वीरेश्वराची पूजा करावयास सांगितले. १२ जानेवारी १८६३ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, त्यांना मुलगा झाला, आणि त्यांनी त्याचे नाव वीरेश्वरच ठेविले. घरची माणसे त्यास 'बिले' म्हणून हाक मारीत. हाच पुढे नरेंद्रनाथ, आणि त्याहीपुढे स्वामी विवेकानंद झाला.

या कथेचा नाताळशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तोच मला त्या संध्याकाळी संकठा घाटावरून शहराच्या दुसऱ्या टोकाकडे घेऊन गेला. श्रीरामकृष्णांनी १६ ऑगस्ट १८८६ रोजी देह ठेविल्यानंतर त्यांचे तरुण शिष्य त्याच वर्षीच्या डिसेंबरात बंगालमधील आंटपूर या खेड्यात जमले होते. थंडीची रात्र होती. अंगणात धुनी पेटवून सारे तिच्याभोवती बसले. नरेंद्राने त्यांना येशूचे चरित्र सांगावयास आरंभ केला, तो जन्मापासून. ज्यास डोके टेकावयास जागा नव्हती अशा त्या पुरुषासारखे आपणही सर्वस्व सोडून जगाच्या उपयोगी पडू, असा त्या तरुणांनी अग्निसाक्षीने निश्चय केला. ती रात्र २४ डिसेंबरची, म्हणजे नाताळची पूर्वरात्र होती, हे त्यांना मागाहून कळले! तेव्हापासून रामकृष्ण मिशनच्या केंद्रांतून ही रात्र पाळली जाते. मातेच्या मांडीवरील बाळ येशूचे चित्र मांडतात, फुले वाहतात, फळे व केक यांचा नैवेद्य दाखवितात, आणि जन्मकथेचे वाचन होते. काशीतील मिशनच्या आश्रमात आम्ही ते ऐकावयास गेलो. गल्लीतल्या वीरेश्वराने दिलेला मुलगा बेथलेहेमच्या मुलाची गोष्ट सांगत बसला, आणि त्या गोष्टीचे पडसाद पुन्हा काशीतच उमटत राहिले, हे मला विलक्षण वाटले.

कथा तशी चारसहा वाक्यांची आहे. रोमच्या बादशहाने खानेसुमारीचे फर्मान काढले. प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवावयाचे होते. योसेफ सुतार आपल्या गरोदर मरियेला घेऊन नासरेथहून बेथलेहेमला आला. तेथे असताना तिचे दिवस भरले. उतरावयाच्या ठिकाणी त्यांना जागा नव्हती, म्हणून मूल बाळोत्यात गुंडाळून गव्हाणीत निजविले. त्या रात्री रानात मेंढरे राखीत बसलेल्या धनगरांना ही वार्ता प्रथम मिळाली. झाले, एवढीच कथा. राजवाड्यातील कोणास काही कळले नाही.

वाचन संपले, प्रसाद वाटला गेला, आम्ही बाहेर पडलो. सायकलरिक्षात बसल्यावर सौ. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अहो, तिच्याजवळ कोण होतं?"

"कोणाजवळ?"

"मरियेजवळ. सुईण होती का? पाणी कोणी तापवलं? एवढं सगळं सांगितलं, आणि बाळंतिणीजवळ कोण होतं ते कोणी लिहिलं नाही!"

मी निरुत्तर झालो. मोठमोठ्या पंडितांनी या कथेवर ग्रंथ रचिले आहेत. परंतु ज्या बाईने चार बाळंतपणे हातांवेगळी केली आहेत, तिच्या मनात पहिला प्रश्न हाच यावयाचा. तिच्या लेखी ही कथा प्रथम एका परगावच्या मुलीच्या बाळंतपणाची होती. मला वाटते, सामान्य माणसाने या कथेत शिरण्याचा खरा दरवाजा हाच असावा. शेगडीची ऊब आहे की नाही, कोरडी बाळोती आहेत की नाहीत, नाळ स्वच्छ हातांनी कापली की नाही, या प्रश्नांत देवाधर्माचा भेद नाही. आणि ज्या आईचे मूल दोन दिवसांचे होऊन गेले आहे, तिच्या आईला तर या प्रश्नांवाचून दुसरे काही दिसतच नाही.

तिच्या प्रश्नाने मी पुन्हा ती कथा नीट आठवू लागलो, आणि एक गोष्ट ध्यानात आली. शाळेतील मुले नाताळचे नाटक करतात, त्यात धर्मशाळेचा एक निष्ठुर मालक असतो. तो दार लावून घेतो आणि "जागा नाही" म्हणून ओरडतो. मूळ ग्रंथात हा मनुष्य मुळीच नाही! लूकच्या शुभवर्तमानात एवढेच आहे, की उतरावयाच्या ठिकाणी जागा नव्हती. तेथे जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ घरातील पाहुण्यांची खोली असाही होतो, असे कित्येक अभ्यासकांचे मत आहे. त्या काळच्या तिकडील गरिबांच्या घरात माणसे आणि जनावरे एकाच छपराखाली राहत. वरच्या बाजूस माणसांची बिछायत, खालच्या बाजूस गुरे, आणि मधे गव्हाण. हे वर्णन वाचून मला आमचे आजोळचे घर आठवले. तेथेही ओटीला लागून गोठा होता, आणि रात्री गाईची घंटा हलली की आतल्या खोलीत ऐकू येई.

असे जर असेल, तर कथेचा रोख बदलतो. खानेसुमारीसाठी गाव माणसांनी भरून गेले होते. घर भरले होते, पाहुण्यांची खोली भरली होती. "जागा नाही" हे खोटे नव्हते. ते खरेच होते. तरीही कोणीतरी त्या दोघांना आत घेतले. कोणीतरी गव्हाणीतला चारा हाताने बाजूला सारला, खाली वाळके गवत नीट पसरले, आणि तेथे मुलाला ठेवावयास जागा केली. त्या माणसाचे नाव ग्रंथात नाही. बाई होती की बुवा, हेही ठाऊक नाही. जागा असताना ती देणे यात मोठेसे काही नाही. जागा नसताना ती करणे, हेच त्या रात्री घडले. मला आगगाडीतील माझे पांघरूण आठवले, आणि खिडकीला टेकून बसलेली सौ. आठवली. नाटकातल्या त्या मालकाची भूमिका मी किती उत्तम वठविली होती! ग्रंथात नसलेला तो मनुष्य आमच्याच डब्यात होता.

ही कथा आपल्या मराठीत काही काल-परवा आलेली नाही. इंग्लंडात जन्मलेला फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला, मराठी शिकला, आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचून गेला. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. बेथलेहेमच्या बाळाला तेव्हापासून ओवीची चाल लाभली आहे. 'नाताळ' हा आपला शब्द देखील पोर्तुगीजांकडून आला, आणि त्याचा मूळ अर्थ 'जन्माचा' एवढाच आहे. इटलीतील ग्रेचिओ या गावी संत फ्रान्सिसने १२२३ साली गव्हाण, बैल व गाढव मांडून नाताळ साजरा केला. निरक्षर खेडुतांना ही कथा डोळ्यांनी पाहता यावी, हा त्याचा हेतू. आज वसईच्या आणि गोव्याच्या गावांतून मुले गवत, माती, कागद जमवून जो गोठा उभारतात, त्याची परंपरा अशी त्या दिवसापर्यंत पोचते. दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलांना हे काम समजावून सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी, २५ तारखेस, आम्ही छावणी भागातील सेंट मेरी कॅथेड्रलकडे गेलो. काशीचे लोक त्या दिवशी तेथे जत्रेसारखे लोटतात. त्यात ख्रिस्ती थोडे, इतरच फार. फुगेवाले, शेंगदाणेवाले, खांद्यावर मुले घेतलेले बाप, डोक्यावर पदर घेतलेल्या खेड्यांतल्या बायका, बुरखे घेतलेल्या बायका, सारे त्या मांडलेल्या गोठ्यापुढून हळूहळू सरकत होते. ज्या हातांनी काल संकठेला चुनरी वाहिली असेल, तेच हात येथे जोडले जात होते. कोणी कोणास अर्थ सांगत नव्हते, आणि कोणी विचारीतही नव्हते. गोठ्यासमोर आले की आया आपल्या मुलांना उचलून धरीत आणि म्हणत, बघ, बाळ बघ. गर्दी दाट होती. परंतु कडेवर मूल असलेल्या बाईसाठी लोक आपणहून थोडे मागे सरत.

हे मागे सरणे एका दिवसापुरते राहिले, तर मात्र त्याची किंमत फारशी नाही. काशीतच याचे एक उत्तर आहे. १९०० साली येथील काही तरुणांनी रस्त्याच्या कडेला पडलेल्या एका मरणोन्मुख म्हातारीला उचलले आणि तिची शुश्रूषा केली. विवेकानंदांच्या शब्दांनी ते पेटलेले होते. त्या एका म्हातारीपासून लक्सा भागातील रामकृष्ण मिशनचे सेवाश्रम हे रुग्णालय वाढले, आणि ते आजही चालू आहे. तिच्यासाठी जागा नव्हती. ती करण्यात आली.

जन्माच्या बाबतीतही आपल्या देशाने पुष्कळ जागा केली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली शंभरांतील ३९ च्या आसपास बाळंतपणे दवाखान्यांत होत. २०१९-२१ च्या पाहणीत तेच प्रमाण ८८.६ वर गेले. आमच्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यांतील साध्या बायकांना नवजात बाळांची काळजी घेण्यास शिकविले. बाळ कोरडे करणे, उबेत ठेवणे, आईचे दूध लवकर पाजणे, श्वास अडखळला तर काय करावे, जंतुसंसर्ग कसा ओळखावा, अशा त्या गोष्टी. त्यामुळे तेथील नवजात बालमृत्यू निम्म्याहूनही अधिक घटले, हे १९९९ साली साऱ्या जगापुढे आले. पुढे २०११ साली सरकारने हीच पद्धत देशभर आशा कार्यकर्त्यांच्या हाती दिली. "तिच्याजवळ कोण होतं?" या प्रश्नाला ही कार्यकर्ती उत्तर आहे. तरीही त्याच पाहणीनुसार जन्मणाऱ्या दर हजार बाळांतील सुमारे पंचवीस पहिल्या महिन्यातच जातात. पंचवीस ही संख्या वाचताना लहान वाटते. आमच्या घरात तिच्यापैकी एकच आले होते, आणि घर वर्षभर गप्प होते.

निघण्याच्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा संकठा घाटावर गेलो. धुके होतेच. पायऱ्यांवर एक आजी आपल्या नातवंडाला तेल चोळून उन्हाची वाट पाहत बसली होती. आम्हाला पाहून ती जराशी सरकली आणि शेजारच्या पायरीवर हात थोपटून बसावयास खुणावले. सारा घाट मोकळा होता. तिला सरण्याची काही गरज नव्हती. तरी ती सरली. सौ. तिच्याजवळ बसली, आणि एकीला मराठी, एकीला भोजपुरी येत असताना दोघींचे बाळंतपणांविषयीचे बोलणे अर्धा तास सुखाने चालले.

परतीच्या गाडीतही मला खालचीच जागा मिळाली होती. दिवे मालवले गेले, डबा झोपी गेला. बेथलेहेमच्या त्या रात्री वार्ता कळली ती रानात जागत बसलेल्या धनगरांना, हे माझ्या मनात घोळत होते. आपल्या मराठीत 'जागा' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. झोपेचे सोंग घेणाऱ्यापाशी दुसऱ्यासाठी जागा कोठून असणार? मिर्झापूर आले तेव्हा मी पांघरूण घडी करून, बाकाच्या एका कडेस, उठून बसलो होतो. गाडी थोडा वेळ थांबली. आमच्या डब्यात कोणी चढले नाही. सौ.ने डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता कुशी बदलली.